गोळी उंबरठ्याबाहेर जाणार नाही

॥ श्री ॥

हैदराबाद
१० नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास, पांडुरंगचा सा. न. वि. वि.

काल सायंकाळी सुखरूप पोचलो. बस गुडीहत्नूरपर्यंत वेळेवर होती, पुढे हायवेवर कापसाच्या गाड्यांमागे अडकली. तुझा ठेचा निर्मल यायच्या आतच संपला.

आता कामाचं. तू न्हाणीत चक्कर येऊन पडलीस, हे मला चार दिवसांनी शेजारच्या जयवंताबाईंच्या सुनेकडून, रुपाकडून, कळलं. तुझ्याकडून नाही. धावत आलो तर काय, रक्तदाबाच्या गोळ्या संपून नऊ दिवस झालेले. विचारलं तर म्हणालीस की आदिलाबादच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो आणि वेचणीच्या दिवसांत सोबतीला कोणी मिळत नाही. अक्का, कापूस दरवर्षी येतो.

तुझ्याकडे ठेवून आलेला फोन ओवाळणी समजू नकोस. तुझी भावजय सुनयना गेल्याच्या वर्षी आपल्याला सण नाही, म्हणून भाऊबीजेला तू ओवाळलंही नाहीस. तो औषधाचं साधन समज. आपल्या पोरीनं, वल्लरीनं, बंगळूरहून मला डॉक्टरांचं ॲप घालून दिलं होतं, त्याच खात्यात तुझं नाव कुटुंबातील सदस्य म्हणून चढवलं आहे आणि खात्यावर तुझा पत्ता घातला आहे. महिन्यातून एकदा ठरल्या वेळी फोनपुढे बसायचं. डॉक्टर पडद्यावर येतात, दहा मिनिटं विचारपूस करतात आणि पुढच्या तीस दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. पार्सल घरी येतं. मी स्वतः ही पद्धत नियमित पाळतो. माझी साखर कशी ताब्यात आहे ते तू बघतेसच.

मात्र एक अट आहे. औषधात पुन्हा खंड पडला, किंवा या बाईंना एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनीच म्हटलं, तर संक्रांतीच्या आत गाडी पाठवून तुला इथे आणीन. दाजी जाऊन सहा वर्षं झाली, त्या घरात आता तुझं अडलंय काय? मंजूर असेल तर उलट टपाली कळव. नसेल तरी मंजूरच समजतो.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण माझे कान माझ्याआधीच सेवानिवृत्त झाले, तेव्हा पत्रच बरं.

बाकी सर्व ठीक. तुझा लोभ आहे तसा राहू दे, ठेचा मात्र वाढव.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
पांडुरंग

---

॥ श्री ॥

तलमडुगु
१८ नोव्हेंबर २०२४

चि. पांडुरंग यास, तुळजाअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचून झालं, एकदा मी वाचलं आणि एकदा जयवंताबाईंनी. आज्ञाधारक म्हणून सही करतोस आणि आज्ञा मलाच करतोस, हे त्यांनाही पटलं नाही.

हैदराबादचं आधी लिहिते. सुनयना होती तेव्हा मी तुमच्याकडे आठ दिवस राहिले. तिनं माझं सगळं केलं, पण खिडकी उघडली की समोरच्यांचं वाळत घातलेलं दिसायचं आणि खाली बघावं तर माणसांच्या टाळू. इथे मी ओट्यावर बसले की येणारी-जाणारी थांबते. मला याच घरात राहायचं आहे, पांडू. एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा लिहायला नको. म्हणूनच त्या डॉक्टरीणबाईंपुढे बसायला मी कबूल झाले.

आता ऐक. आमच्या गल्लीत फोनला रेंज येते ती फक्त जयवंताबाईंच्या ओट्यावर, तीही उखळाकडच्या कोपऱ्यात. गुरुवारी संध्याकाळी सहाची वेळ मिळाली. त्या वेळी बायका शेतातून परत येतात. डॉक्टर बघायचा म्हणून ज्या आल्या त्या बसल्याच. मी मोजल्या नाहीत, पण सतरंजी पुरली नाही.

डॉक्टरीणबाई वनमाला नावाच्या, तेलुगू बोलणाऱ्या, वय आपल्या वल्लरीएवढं. माझी तेलुगू बाजारापुरती, म्हणून रुपा मध्ये बसली होती. तिची शाळाच तेलुगूतून झाली. दारी माणूस आलं तर चहा विचारायला नको का? मी केला होता. कपबशी फोनपुढे धरली. बाई हसल्या आणि म्हणाल्या की पोचला. मग तो चहा रुपानं प्यायला.

त्यांनी माझं वय विचारलं, ते जयवंताबाईंनी सांगितलं. झोप कशी लागते विचारलं, तर मागून दोघींनी सांगितलं की अक्का घोरतात. मीठ किती खाता विचारलं आणि मग ओट्यावर वादच झाला. बाईंनी शेवटी विचारलं की यातल्या पेशंट कोण. तेव्हा जयवंताबाई म्हणाल्या की आमी सगळ्याच इथं बसून राह्यलो, कोनालेबी विचारा. गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंनी यंत्रानं माझा रक्तदाब मोजला, आकडा पडद्याला दाखवला, आणि बाईंनी तीस दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. काल रविवारी पार्सल आलं. दाजींच्या पानसुपारीच्या पितळी डब्यात ठेवल्या आहेत.

तेव्हा गाडीची घाई करू नकोस. आणि कानांचं म्हणशील, तर यंत्र घ्यावं असं तुला मी तीन वर्षं सांगते आहे. तेही ऐकू आलं नसेल.

इथे माया भरपूर आहे, तू फक्त वेळेवर जेवत जा.

तुझी,
तुळजाअक्का

---

॥ श्री ॥

हैदराबाद
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार समाधान झालं. सरकारी खात्यात सत्तावीस वर्षं काढली, पण पहिल्याच फेरीत मंजूर झालेली दरखास्त मी क्वचितच पाहिली. ओट्यावरची गर्दी मात्र कमी करावी. प्रकृती ही खाजगी बाब आहे आणि तू घोरतेस हे सरकारदरबारी नोंदवायची गरज नव्हती.

रोज सकाळी एकच गोळी, न विसरता. शिस्त ही सवयीनं येते. माझंच बघ, उठलो, चहा, गोळी, वर्तमानपत्र. घड्याळ लावून घ्यावं.

वल्लरीचा निरोप आहे की आत्याचा फोटो पाठवा. कसा पाठवतात ते रुपाला विचार, मला विचारू नकोस.

यंत्राविषयी लिहिलेलं वाचलं. वाचता मला उत्तम येतं.

लोभाची आठवण मी करून द्यायला हवी असं नाही, तरी करून देतो.

तुझा,
पांडुरंग

---

॥ श्री ॥

तलमडुगु
९ डिसेंबर २०२४

चि. पांडुरंग यास अनेक आशीर्वाद.

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच.

गोळ्या शुक्रवारी संपल्या. तीस आल्या होत्या आणि विसाव्या दिवशी डबा रिकामा, म्हणजे माझ्या गोळ्या संपल्या. रिकामा डबा नव्हता, तेही सांगते. ॲपमधून तुला सगळं कळतं असं रुपा म्हणते, पण तुझं काहीच आलं नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

जादा गोळ्या मी खाल्ल्या नाहीत. गेल्या त्या उसन्या गेल्या. या गल्लीत विरजण असो, सुई असो, पायलीभर पीठ असो, मी कोणाला कधी नाही म्हटलं नाही. जयवंताबाईंचं डोकं गरगरलं, त्या आल्या आणि म्हणाल्या की ती पांढरी गोळी द्या एक, तुमाले तं चांगली मानवली. मी दिली. मग एकीच्या मानेत कळ आली, तिला दिली. बोथच्या माझ्या वन्संचं पत्र आलं की कानात आवाज येतो, त्यांना पाकिटात घालून दोन पाठवल्या. विरजण मागणारीला परत लावणारी मी नव्हे, मग गोळीचं वेगळं काय, असंच माझ्या मनात होतं.

आणि लोक प्रामाणिक आहेत रे. घेतलेलं ठेवून घेत नाहीत. जयवंताबाईंनी दोन नेल्या आणि दोन आणून दिल्या, त्यांच्या यजमानांच्या, गुलाबी. दुसरीनं पिवळी दिली. मी सगळ्या डब्यातच टाकत होते आणि सकाळी वर जी हाताला लागेल ती घेत होते.

हे सगळं परवा मी डॉक्टरीणबाईंना जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यांनी विचारलं की अजून दहा गोळ्या शिल्लक हव्यात, त्या कुठे आहेत. माझं सांगून झाल्यावर बाई एवढा वेळ गप्प राहिल्या की रुपाला वाटलं रेंज गेली. तिनं फोन उखळाकडे आणखी सरकवला. रेंज होती.

मग त्यांनी डबा फोनपुढे धरायला लावला आणि एकेक गोळी उचलून दाखवायला सांगितली. खडूच्या तुकड्याएवढी एक पांढरी निघाली. ती कसली, ते ओट्यावरच्या एकीनं ओळखलं. तिच्या शेळीच्या जंतांची होती, माझी गोळी परत करताना अंधारात तिच्या हाती ती लागली होती. पांडू, ती मी घेतली नाही. घशाखाली उतरेल असं वाटेना, म्हणून सवडीनं मोडून घेणार होते.

बाई मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी रागावलेल्या दिसल्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी नीट समजावलं की एकीची गोळी दुसरीला विष होऊ शकते, आणि माझं दैव बरं म्हणून मी आज बोलते आहे. डबा तिथेच रिकामा करून घेतला, सगळ्या गोळ्या आशाताईंच्या हवाली केल्या. नव्या लिहून दिल्या आहेत, पण एकवीस तारखेला त्या पुन्हा बघणार. तेव्हा एक जरी गोळी कमी भरली, तरी या बाईंना औषध एकट्यांना सांभाळता येत नाही असं त्या घरच्यांना कळवणार. घरचे म्हणजे तू.

मला फार ओशाळवाणं झालं आहे. दोन दिवस जेवण गेलं नाही.

रागावशील ते पत्रातच रागाव, वल्लरीला सांगू नकोस. जीव आहे तोवर तुझ्यावर जीव आहे.

तुझी,
अक्का

---

॥ श्री ॥

हैदराबाद
१४ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

खुर्चीत बसलो होतो ते बरं झालं.

शेळीची गोळी! अक्का, आई गेल्यावर तू मला वाढवलंस. माझा ताप उतरेना तेव्हा तलमडुगुहून बैलगाडीनं आदिलाबादला नेलंस. तेव्हा तू सोळा वर्षांची होतीस. तीच तू आता डब्यात हात घालून लागेल ती गोळी गिळतेस? तुला काही झालं तर मी अक्का कोणाला म्हणायचं, याचा तू जरा विचार करायला हवा होतास.

विरजण लावून दही होतं, गोळी वाटून काय होतं ते बाईंनी सांगितलंच आहे. यापुढे भिडेखातर काही चालणार नाही. खाली एक मजकूर देतो. तो तुझ्या हातानं मोठ्या अक्षरात लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटव. खात्यात माझे मसुदे नजीर म्हणून ठेवत असत, त्यात पळवाट सापडणार नाही.

या घरात आलेली कोणतीही गोळी, ती कोणाचीही असो, कोणत्याही कारणास्तव, उसनी म्हणून, पोस्टाने अथवा कोणाच्या हाती, या उंबरठ्याबाहेर जाणार नाही. ज्याची गोळी त्याने इथे बसूनच घ्यावी.

एकवीस तारखेची मी वाट बघतो आहे. गाडीवाल्याशी बोलून ठेवलं आहे. इथली मधली खोली झाडून घेतली, सुनयनाचं कपाट अर्धं मोकळं केलं. तुझ्या पातळांना तेवढं पुरेल.

राग आहे, पण तो लोभाच्याच खात्यात धरावा.

तुझा,
पांडुरंग

---

॥ श्री ॥

तलमडुगु
२४ डिसेंबर २०२४

चि. पांडुरंग यास अनेक आशीर्वाद.

तुझा कागद चिकटवला. खळ लावून, कडा दाबून.

दुसऱ्याच दिवशी जयवंताबाई आल्या, डोकं धरून. मी झाकण उघडलं आणि त्यांना तुझा मजकूर वाचून दाखवला. त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या की चाळीस वर्षांत तुमी मले परकं केलं नाही, आता भावाच्या कागदानं काऊन करून राह्यल्या. त्या निघून गेल्या आणि संध्याकाळी बघते तर त्यांच्या ओट्यावर कापूस. उखळापासून पार भिंतीपर्यंत. पाय ठेवायला जागा नाही.

आता ओटा नाही म्हणजे रेंज नाही, रेंज नाही म्हणजे डॉक्टर नाही, आणि डॉक्टर नाही म्हणजे तुझी गाडी. मी फोन घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर गेले, पाण्याच्या टाकीपाशी गेले, रुपाच्या मदतीनं आमच्या गच्चीवरही चढले. नुसती चकती फिरत होती. तुझ्या मसुद्यात पळवाट नव्हती हे खरं, माझ्यासाठीही ठेवली नव्हतीस.

वीस तारखेला सकाळी मी जयवंताबाईंच्या दारात गेले. मला वाईट वाटत होतं ते मी सरळ सांगून टाकलं. म्हटलं की डोकं तुमचं गरगरतं आणि डॉक्टरला दाखवते मी माझं, हे चूकच आहे. उद्या आधी तुम्ही बसा, तुमच्या नावानं, तुमच्या गोळ्यांसाठी, मी नंतर बसते. दुपारी कापूस आत गेला.

एकवीसला बाईसाहेब लेकीच्या लग्नातलं जरीचं लुगडं नेसून फोनपुढे बसल्या. आशाताईंनी मोजलं तर त्यांचा आकडा माझ्यापेक्षा बराच वर. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशीच आदिलाबादच्या दवाखान्यात जाऊन तपासायला सांगितलं, रुपा घेऊन गेली, आणि आता त्यांच्या त्यांच्या गोळ्या सुरू आहेत. माझ्या दोन गोळ्यांवर त्या गप्प बसल्या असत्या तर काय झालं असतं, देवच जाणे. जयवंताबाईंना मात्र आपला आकडा मोठा आल्याचा तोराच आहे.

माझी पाळी आली. बाईंनी गोळ्या मोजून घेतल्या. बरोबर भरल्या, रक्तदाबही खाली. त्या म्हणाल्या की या बाई इथेच छान राहतील. ओट्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा तुझ्या गाडीवाल्याला नाही म्हणून कळव.

आता तुझं.

जयवंताबाईंचं नाव घालताना रुपानं खात्यातली सगळी नावं उघडली. सगळ्यात वर तुझं होतं, लाल अक्षरात. तिला वाटलं काही बिघडलं. मग तिनं वाचलं. तुझी साखरेची गोळी संपून दोनशे अकरा दिवस झाले आहेत आणि तू एकदाही डॉक्टरांपुढे बसला नाहीस. आठवणीचे सोळा संदेश आहेत, एकही उघडलेला नाही.

मी बोटांवर मोजलं. सुनयना चैत्रात गेली. तिनं आणून ठेवलेल्या गोळ्या संपल्या आणि तू पुढच्या आणल्याच नाहीस. उठलो, चहा, गोळी, वर्तमानपत्र, असं मला लिहिलंस. पांडू, मला तुझा संताप यायला हवा होता. पण त्या ओट्यावर सगळ्यांसमोर मला रडू आलं. जयवंताबाईंनी पदरानं माझे डोळे पुसले, जरीच्या.

वर्ष संपायच्या आत डॉक्टरांपुढे बस. नाही बसलास तर मी गाडी पाठवीन. रुपाच्या घरच्यांची कापसाची ट्रॉली आहे, तिच्यात तुला मागे बसवून आणीन.

आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा दमात घेतलेले.

तुझी,
अक्का

---

॥ श्री ॥

हैदराबाद
३१ डिसेंबर २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

सापडलो. काही बोलायला तोंड नाही, म्हणून लिहितो.

सुनयना रोज सकाळी चहाच्या बशीत माझी गोळी काढून ठेवायची. बावीस वर्षं. मी कधी पाकीट फोडलेलं नाही. गोळीचा रंग कोणता असं विचारलं असतंस तर बशीचा रंग सांगितला असता. ती गेल्यावर तिनं आणलेल्या होत्या त्या वल्लरी महिनाभर देत होती, ॲपमध्ये त्यांची नोंदही तिनंच केली. मग वल्लरी कामावर परत गेली. चहा मी करतो, बशीत काही नसतं, मी चहा पितो आणि उठतो. दोन-तीनदा ॲप उघडलं होतं. तिथे आरंभीच एक रकाना आहे, घरी सोबत कोण असतं. तो भरायचा राहिला आणि पुढचंही राहिलं. मग तुझ्या गोळ्यांच्या मागे लागलो. तुझं चुकत होतं तोवर माझ्याकडे बघायची वेळ यायची नाही. खरं ते इतकंच आहे.

असो. तुझ्या धाकानं अठ्ठावीसला बसलो, त्याच डॉक्टर वनमालांपुढे. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी लिहून बोलायची सोय केली. लिहिण्यात मी मागे हटणारा नाही. तेलुगूत रीतसर सुरुवात केली, महोदयांस सविनय सादर, मग विषय, मग संदर्भ, मग एकोणीसशे नव्याण्णवपासूनची पार्श्वभूमी. दोन हजार चारपर्यंत आलो होतो तेव्हा दहा मिनिटं संपली आणि भेट दिल्याबद्दल आभार असा संदेश आला. काल पुन्हा वेळ घेतली. बाईंनी आधीच कळवलं की फक्त हो किंवा नाही लिहावं. नोकरीतही मला कोणी असं बांधून घातलं नव्हतं. दरम्यान रक्त, डोळे आणि पाय तपासून आणले होते. साखर वाढलेली आहे, डोळे आणि पाय सुदैवानं ठीक. त्यांनी तीस दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि तुमच्या बहिणीकडून शिस्त शिका असा शेरा मारला.

आता एक घोळ. पार्सल इकडे येणार नाही. वल्लरीला विचारलं तर ती म्हणते की बाबा, खात्यावर आत्याचा पत्ता तुम्हीच घातला नोव्हेंबरात. म्हणजे माझ्या गोळ्या तुझ्याकडे येतील. मिळताच कृपया स्पीड पोस्टानं इकडे रवाना कराव्यात.

खोटं लिहिलं त्याबद्दल क्षमा कर. लोभ मागायला आज जीभ रेटत नाही, तुला वाटेल तेवढा दे.

तुझा,
पांडू

---

॥ श्री ॥

तलमडुगु
६ जानेवारी २०२५

चि. पांडू यास अनेक आशीर्वाद.

पार्सल शनिवारी आलं. तीस गोळ्या, पाकिटावर तुझं नाव. मी आणि जयवंताबाईंनी दोनदा मोजल्या आणि डब्यात ठेवल्या, माझ्या गोळ्यांपासून वेगळ्या, फडक्यात बांधून.

पोस्टात टाकायला निघाले होते, खरंच. पाकीटही आणलं होतं. पण डबा उघडला की झाकण समोर येतं. कोणतीही गोळी, कोणाचीही असो, कोणत्याही कारणास्तव, पोस्टाने अथवा कोणाच्या हाती, या उंबरठ्याबाहेर जाणार नाही. रुपाला वाचायला दिलं, तिलाही पळवाट सापडली नाही. मसुदा तुझा आहे, मी नुसती लिहिणारी. शिवाय या कागदापायी मी चाळीस वर्षांच्या शेजारणीला परत लावली. तुला दिल्या तर तिला कोणत्या तोंडानं भेटू?

शेवटची ओळही वाच. ज्याची गोळी त्याने इथे बसूनच घ्यावी.

चहाच्या बशा दोन आहेत. दाजींची वर माळ्यावर होती, ती काढून घासून ठेवली आहे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसत नाही मी, मला कामं आहेत. पण ओट्यावरून रस्ता दिसतो.

तुझी,
अक्का

---

॥ श्री ॥

हैदराबाद
१० जानेवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

माझाच कागद माझ्यावर बजावलास. अपील करायला जागा नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सकाळच्या बसनं निघतो. गाडीवाल्याला कळवलं आहे की बाई येणार नाहीत. कानाचं यंत्र काल जाऊन बसवून घेतलं. पहिल्यांदा ऐकू आला तो आमच्या पंख्याचा आवाज, फारच वाईट आहे. ओट्यावर माझ्याविषयी काय बोलतात ते आता मला कळेल, तसं जयवंताबाईंना आधीच सांगून ठेव. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. औषधांचं दुकान आमच्या इमारतीच्या खालीच आहे. डॉक्टरांचा कागद फोनमध्ये होता, तो दाखवून मी त्याच दिवशी गोळ्या आणल्या आणि रोज घेतो आहे. तुला पोस्टानं पाठव म्हणून लिहिलं, तेव्हा त्या माझ्या खिशात होत्या. तू काय उत्तर देशील ते बघायचं होतं.

गोळ्या इथेही मिळतात, अक्का. बशीत काढून ठेवणारं कोणी नाही.

कळावे. लोभ घ्यायला स्वतःच येतो आहे.

तुझा,
पांडू